पेसचं घड्याळ: कुठे ऐकायचं, कुठे नाही

पळण्यासाठी आठ-नऊ हजारांचं जीपीएसवालं घड्याळ घ्यावं का, हा प्रश्न आमच्या बडोद्याच्या कमाटीबागेतल्या कंपूत थंडी पडली की कुणीतरी काढतंच. माझं उत्तर: घ्या, फक्त पहिल्या स्क्रीनवरचा तो मोठा आकडा आधी काढून टाका.

तो आकडा म्हणजे 'आत्ताचा पेस', या क्षणाच्या वेगाने एक किलोमीटरला किती मिनिटं-सेकंद लागतील ते. मी एका लयीत पळत असते आणि तो 6:05, 5:40, 6:50 अशा कोलांट्या मारत असतो. घड्याळ सेकंदा-सेकंदाला उपग्रहांवरून आपली जागा ठरवतं, त्यात काही मीटर इकडे-तिकडे होतातच; आणि आपण सेकंदाला पळतो जेमतेम पावणेतीन मीटर. मग काय होणार? बागेतल्या मोठ्या झाडांखाली हे होतंच, पण खरी गंमत गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी या साडेतीन किलोमीटरच्या उड्डाणपुलाखाली. डोक्यावर पूल आला की घड्याळाला आकाशच दिसत नाही. परवा तिथे मला 3:48 दाखवला. पन्नाशीत! घरी सांगितलं असतं तर पेढे वाटले असते.

त्याऐवजी सेटिंगमध्ये जाऊन 'लॅप पेस' लावा, म्हणजे चालू किलोमीटरची सरासरी. सुरुवातीचे दोन-तीनशे मीटर तोही चुळबुळतो, मग बसतो. या एका आकड्यासाठी मी हे घड्याळ पुन्हा घेईन.

मनगटावरच्या हृदयाच्या ठोक्यांना मात्र माझे पाचपैकी दोनच गुण. पट्टा सैल असला की ते ठोक्यांऐवजी पावलंच मोजायला लागतं. निवांत पळताना 168 दाखवलं तर घाबरू नका, तुमची पावलं मिनिटाला तेवढी पडत असतील. सावकाश पळायच्या दिवशी माझं माप वेगळं आहे. शेजारच्या नलिनीताई सोबत असतात. त्यांना सुनेचं गाऱ्हाणं मध्ये धाप न लागता पूर्ण सांगता आलं, तर पेस बरोबर. आमचा तो सात मिनिटांच्या आसपास येतो, मेच्या उकाड्यात साडेसातच्याही पुढे जातो, आणि त्यात काही बिघडत नाही. घड्याळ मात्र अशा दिवशी 'कामगिरी घसरतेय' म्हणून बाण खाली दाखवतं. दाखवू दे.

ट्रॅकवर तर जीपीएस बंदच ठेवते. वळणावर ते कोपरे कापतं. आतल्या लेनची एक फेरी 400 मीटर, दुसऱ्या लेनची साधारण 407. हे पक्कं असताना उपग्रहाला कशाला विचारायचं? 5:20 चा पेस हवा असेल तर फेरी 2 मिनिटं 8 सेकंदांत. लॅपचं बटण दाबायचं, संपलं. बटण म्हणते, कारण घामेजल्या बोटांनी टचस्क्रीन चालत नाही आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. बटणवालंच घ्या.

आता शर्यतीचं. घड्याळ 'तुमची हाफ मॅरेथॉन 1:59' असं छातीठोक सांगत होतं. मी गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे असं कुणी उत्तर दिलं की पायऱ्या मागायची सवय. पीटर रीगल या अमेरिकन इंजिनिअरने 1977 मध्ये एक सोपं सूत्र मांडलं: अंतर जितक्या पट वाढलं त्याचा 1.06 घात करा आणि आधीच्या वेळेला गुणा. माझे 10 किलोमीटर 58 मिनिटांत होतात. त्यावरून हाफला 2 तास 8 मिनिटं येतात, किलोमीटरला 6:04. जानेवारीत लागली 2 तास 9 मिनिटं. 1:59 साठी 5:38 ने सुटले असते तर पंधराव्या किलोमीटरला चालायची पाळी आली असती.

आणि एक बारीक गोष्ट, जी घड्याळाच्या पुस्तिकेत कुठेच नाही. हाफचं अंतर 21.0975 किलोमीटर. मार्ग मोजतात तो वळणांच्या आतून, कमीत कमी अंतराचा. आपण गर्दीतून नागमोडी पळतो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, शिवाय जीपीएसची आपली भर. शेवटच्या रेषेवर माझ्या घड्याळात 21.4 होते आणि सरासरी 6:02, प्रत्यक्षात 6:07. म्हणजे घड्याळावर 6:04 धरून निश्चिंत राहणारा शेवटी मिनिटा-दोन मिनिटांनी हुकतो. मी ऑटो-लॅप, म्हणजे घड्याळाने आपणहून किलोमीटर मोजणं, बंद करून रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी स्वतः बटण दाबते. आमच्यातला एक इंजिनिअरिंगचा पोरगा विचारतो, "काकू, एवढं महाग घड्याळ घेऊन शेवटी बोटानेच?" हो रे बाबा, बोटानेच. पाट्या बरोबर लावलेल्या असतील तर त्यासारखं माप नाही.

बॅटरी जीपीएस लावून रोज तासभर पळूनही आठवडा काढते. उन्हात स्क्रीन स्वच्छ दिसते. सोबतचा रबरी पट्टा घामाने अंगावर पुरळ आणतो. मंगळबाजारात कापडी मिळतो, पण घेताना रुंदी मोजून जा, आमच्याकडे पहिला आणलेला नलिनीताईंच्या घड्याळाला बसला.