जाहिरातीत ६८,००० किमी, सर्व्हिसच्या नोंदीत ९१,२००: तेरा वर्षांच्या स्विफ्ट डिझेलचा आठ महिन्यांचा अनुभव

गाडी: मारुती स्विफ्ट व्हीडीआय, १२४८ सीसी डिझेल, नोंदणी सप्टेंबर २०१२, एमएच-१४ पासिंग, दुसरा मालक. ऑनलाइन जाहिरातीत भाव ₹२,७०,०००, व्यवहार झाला ₹२,१५,००० ला. आठ महिन्यांत रनिंग ९,४०० किमी. निम्मं पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये, निम्मं पुणे–कोल्हापूर हायवेवर. पहिल्या तीन महिन्यांतला वरखर्च ₹८४,६००. म्हणजे गाडी पडली तीन लाखांना. जुन्या गाडीच्या जाहिरातीत दिसणारा भाव हा पहिला हप्ता समजायचा.

हेच मॉडेल का? मारुतीने एप्रिल २०२० पासून, प्रदूषणाचा बीएस-६ नियम लागू झाल्यावर, डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे अशा गाडीला स्पेअर मिळणार का, ही भीती रास्त आहे. पण हे १.३ इंजिन मुळात फियाटचं. पुंटो, इंडिका व्हिस्टा, मांझा, रिट्झ, डिझायर अशा कित्येक गाड्यांत ते बसलं. त्यामुळे पार्ट मिळतात आणि ते उघडून बसवणारा फिटर तालुक्याच्या गावातही सापडतो. ७५ पीएसच्या या आवृत्तीत टर्बोही साधा, फिक्स्ड जिऑमेट्रीचा (आतली पाती न हलणारा), म्हणजे बिघडायला जागा कमी. बारा-पंधरा वर्षांची गाडी घेताना मॉडेल निवडायची कसोटी एवढीच: तिचं इंजिन अजून किती लोकांच्या हाताखालून जातंय.

आता जाहिरातीची भाषा. ‘फक्त हायवे रनिंग’, ‘डॉक्टरची गाडी’, ‘एक रुपयाचं काम नाही’ ही वाक्यं वाचायचीच नाहीत, फोटो वाचायचे. ओल्या गाडीचे फोटो असतील तर रंगातला फरक आणि चरे झाकलेत असं धरा. नंबर प्लेट पुसून टाकलेली असेल तर नंबर मागा. नंबर न देणाऱ्याकडे जायचं कारण नाही. नंबर मिळाला की एम-परिवहन या सरकारी ॲपवर नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी, बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद) आणि वाहनाचा वर्ग पाहून घ्यायचा. टॅक्सी म्हणून चाललेली गाडी पुढे खासगी करून घेतलेली असते. गोव्यात भाड्याने फिरलेल्या गाड्यांचंही तेच. आणि गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये उभी आहे, मी सैन्यात आहे, बदली झालीय, ट्रान्सपोर्टचे पैसे आधी पाठवा, असं कुणी सांगितलं तर तिथे गाडी नसतेच. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, हे अजूनही सांगावं लागतं.

मीटरचं प्रकरण जरा सविस्तर. मीटरवर ६८,००० किमी होते. पण क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूने गुळगुळीत, ड्रायव्हर सीटचा दरवाजाकडचा कडा बसलेला, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेले. हे सगळं ६८,००० मध्ये होत नाही. या गोष्टींवरून संशय येतो, पुरावा मिळतो तो अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदींत. मालकाने स्वतः नोंदवलेल्या मोबाइलवरून मागितलं की जुन्या जॉबकार्डांचा तपशील मिळतो आणि प्रत्येक कार्डावर त्या दिवशीचं मीटर लिहिलेलं असतं. इथे शेवटची नोंद निघाली नोव्हेंबर २०१७ ची, ९१,२०० किमीची. त्यानंतरची साडेसात वर्षं बाहेरच्या गॅरेजमध्ये. खरं रनिंग दीड लाखाच्या वर असणार, असं धरून चाललो. भाव पंचावन्न हजारांनी उतरला तो मुख्यतः या एका कागदामुळे.

मीटर मागे घेतलेलं दिसलं की गाडी सोडून द्यावी, असा सल्ला सगळे देतात. तेरा वर्षांच्या गाडीत तो अर्धाच पटतो. इंजिन, क्लच, सस्पेन्शन हे पैसे टाकून नवं करता येतं. मोडलेला सांगाडा आणि अडकलेले कागद मात्र पैशाने नीट होत नाहीत. म्हणून तपासणीचा क्रम कागद, सांगाडा आणि मग इंजिन असा हवा. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात: आधी स्टार्टर मारतात, आवाज गोड लागला की टोकन देऊन मोकळे.

सांगाडा तपासायला लिफ्ट लागत नाही, टॉर्च आणि वीस मिनिटं लागतात. बॉनेट उघडून फेंडरच्या आणि बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग पाहायचा. पाना लागलेला असेल तर कोपऱ्यांवरचा रंग उडालेला दिसतो. एक फेंडर बदललेला असणं क्षम्य आहे, शहरात ते होणारच. पण आतला अप्रन (फेंडरच्या आतला पत्रा) आणि त्याखालून पुढे येणारे चेसिसचे दोन पाय, इथे कंपनीचे स्पॉट वेल्ड गोल खळग्यांसारखे सारख्या अंतरावर असतात. त्याऐवजी सलग, ओबडधोबड वेल्डिंग किंवा बोटाने फासलेला सीलंट दिसला तर गाडीने पुढून मोठा मार खाल्लाय. मागे डिकीचं कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डा बघायचा. तिथला पत्रा सुरकुतलेला असेल तर मागून ठोकलीय. सगळ्या काचांवरचा शिक्का आणि कोड पाहायचा. या गाडीच्या पाच काचा एका कंपनीच्या, डाव्या मागच्या दरवाजाची काच वेगळी. त्या दरवाजावर लोहचुंबक नीट चिकटेना, म्हणजे खाली पुट्टी. पण खांब शाबूत होता, दरवाजा एका बोटाने बंद होत होता, म्हणून चालवून घेतलं.

पुराची गाडी हा वेगळाच धोका आहे, आणि महाराष्ट्रात तो हलका समजू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पाण्यात गेलेल्या गाड्यांची संख्या थोडी नव्हती. विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेली गाडी लिलावात जाते, धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात उभी राहते. त्या वर्षांत विम्याचा क्लेम झालाय का, हे विक्रेत्याला लेखी विचारा. आणि एक सोपी तपासणी करा: पुढच्या सीटचा पट्टा हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग रोज हाताळला जातो, धुतला जातो. रिळाच्या आत गुंडाळलेला शेवटचा फूटभर कुणी धूत नाही. तिथे चिखलाची आडवी रेघ किंवा तपकिरी छटा दिसली की आणखी काही पाहायची गरज नाही. शिवाय सीटच्या रुळांवरचा गंज, डॅशखालच्या कनेक्टरवरची हिरवट बुरशी, हेडलाइटच्या आत साचलेली बारीक माती. एमएच-०८ (रत्नागिरी) किंवा गोवा पासिंगची गाडी पूर न लागताही खाऱ्या हवेने खालून सडलेली असू शकते. दरवाजाखालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकत जायचं, आवाज बद्द झाला की समजायचं.

इंजिन तपासायला सकाळी, न सांगता लवकर पोचायचं आणि आधी बॉनेटला हात लावायचा. गरम असेल तर विक्रेत्याने आधीच चालू करून ठेवलीय. परत जा, दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनला पहिल्या सेकंदात पुढच्या बाजूने साखळी आपटल्यासारखा खळखळाट आला आणि तो दोन-तीन सेकंदांत विरला, तर टायमिंग चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर थकलेत. या इंजिनला बेल्ट नाही, चेन आहे. ‘चेन आहे म्हणजे आयुष्यभर बघायला नको’ हे खरं नाही. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती ढिली होते आणि सुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात. या गाडीत खळखळाट होता, भावात धरला, पहिल्याच आठवड्यात काम केलं.

दुसरी तपासणी बॅक कॉम्प्रेशनची, म्हणजे पिस्टनच्या रिंगांतून गॅस खाली गळतोय का याची. इंजिन गरम झाल्यावर स्लोवर चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढायचं आणि भोकावर नुसतं उलटं ठेवायचं. डिझेलमध्ये थोडी वाफ येते, ती चालते. झाकण नाचायला किंवा उडायला लागलं तर रिंगा गेल्यात. तिथे सौदा थांबवायचा, कारण इंजिन उघडण्याचा खर्च भावात बसत नाही. रेस दिल्यावर क्षणभर काळा धूर निघणं या पिढीच्या डिझेलला चालतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि गरम झाल्यावरही थांबत नसलेला पांढरा धूर म्हणजे इंजेक्टर किंवा हेड गॅस्केट. पाचशे ते हजार रुपयांना मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर जोडून, गाडी दाखवत असेल तर, बिघाडाचे कोड पुसल्यापासून किती अंतर चाललीय ते पाहा. आकडा दहा-वीस किमी निघाला तर दाखवायला आणण्याआधी डॅशवरचा बिघाडाचा दिवा विझवलाय.

आता कागद. जाहिरात देणारा स्वतःला मालक म्हणवत होता, आरसीवर नाव दुसऱ्याचं. हे सर्रास चालतं: एजंट मूळ मालकाकडून कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेऊन गाडी उचलतो आणि नावावर न करता पुढे विकतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकार प्रमाणपत्र लागतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर करायची असते. ती नोंद मागा. नसेल तर मूळ मालकाला समोर बसवा, कारण ट्रान्सफरचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो. नंबर बंद पडलेला किंवा मालक परदेशी असेल तर काम महिनोन्‌महिने लटकतं.

लागणारे कागद: मालकी बदलाचे फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे ओळख आणि पत्त्याचे पुरावे, चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. कर्ज फिटलंय म्हणून बोजा उतरला असं होत नाही. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आरटीओत जावा लागतो. इथे २०१५ मध्ये फिटलेल्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच होता. तो उतरवायला मूळ मालकाला बँकेत दोन फेऱ्या माराव्या लागल्या आणि तोवर ₹४०,००० रोखून ठेवले होते. टोकनच्या पावतीवर हे लिहून घेतलं नसतं तर त्या फेऱ्या कुणीही मारल्या नसत्या. ई-चलनही तपासा, थकलेली चलनं गाडीबरोबर येतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर प्लेट) बसवलेली हवी. राज्यात चारचाकीला त्याची फी ₹७४५ अधिक जीएसटी आहे.

दिल्ली किंवा हरियाणा पासिंगची चकचकीत डिझेल इथल्या निम्म्या भावात दिसली तर त्यामागे दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी घालणारा एनजीटीचा (राष्ट्रीय हरित लवादाचा) २०१५ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश असतो, २०२५ मध्ये न्यायालयाने तो शिथिल केला. तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर धरून हिशेब केला की स्वस्ताई उरत नाही.

विम्यात लोक हमखास गाफील राहतात. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर आपोआप येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावं लागतं. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सवलत) आधीच्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही, उलट फरक भरावा लागतो.

वरखर्चाची फोड: टायर चार, १६५/८० आर १४, ₹१७,२०० (नक्षी चांगली होती, पण बाजूचा कोड २२१६, म्हणजे २०१६ चा बाविसावा आठवडा, रबराला तडे). टायमिंग चेन किट मजुरीसह ₹१४,०००. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग ₹११,५००. लोअर आर्म, लिंक रॉड, स्ट्रट माउंटिंग ₹९,८००. विमा ₹७,९००. एसी कंडेन्सर आणि गॅस ₹७,२००. ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल ₹६,९००. बॅटरी ₹५,४००. ट्रान्सफर, बोजा, प्लेट ₹४,७००.

त्यानंतरच्या पाच महिन्यांत इंधन सोडून एकच खर्च, मागच्या ब्रेक शूजचा. ॲव्हरेज शहरात १७-१८, हायवेला ऐंशीच्या वेगाने २२. खंबाटकीचा घाट चौघं आणि सामान घेऊन तिसऱ्या गिअरवर तक्रार न करता चढते. दोन हजार आरपीएमच्या खाली मात्र दम नाही. टर्बो जागा होईपर्यंत थांबावं लागतं आणि सिंहगड रोडच्या गर्दीत ते रोज जाणवतं. थंडीत सकाळी हीटर प्लगचा (सिलिंडर तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझेपर्यंत किल्ली ऑनवर ठेवून थांबलो नाही तर पहिल्या फटक्यात चालू होत नाही. एक हीटर प्लग गेलाय, चारही एकदम बदलायचे म्हणून थांबलंय. डिझेल फिल्टरमधलं पाणी दर महिन्याला काढतो, चहाच्या कपाच्या तळाशी राहील इतकं निघतं.

आरसीची मुदत सप्टेंबर २०२७ ला संपते. तेव्हा फॉर्म २५, नूतनीकरणाची फी, गाडीची तपासणी आणि पर्यावरण कर. डाव्या मागच्या दरवाजाखाली पुट्टीच्या कडेने गंजाचा एक फुगा आत्ताच वर आलाय, तपासणीआधी तो पत्रा कापून नवा लावून घ्यावा लागेल. डेंटरने चार हजार सांगितलेत.