‘यूएसबी आहे ना, मग झालं!’ : हँडीकॅम घेताना मी कशी फसले

परवा भाच्याचा फोन आला. “मावशी, एक जुना हँडीकॅम मिळतोय सात हजाराला. टेपवाला, एकदम व्हिंटेज लुक. यूएसबी आहे, म्हणजे एडिटिंगला काही प्रॉब्लेम नाही ना?” माझ्या पोटात गोळाच आला. जवळजवळ हेच वाक्य मी जानेवारी २०१० मध्ये फोर्टातल्या एका दुकानदाराला विचारलं होतं. तो लगेच हो म्हणाला होता.

आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन महिन्यावर आलं होतं. त्यांना बोलतं करायचं, कार्यक्रमाचं शूटिंग करायचं आणि घरच्या घरी अर्ध्या तासाची फिल्म जोडायची, असं माझ्या डोक्यात होतं. घरी विंडोज एक्सपीवाला जुना डेस्कटॉप, त्यात मूव्ही मेकर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर. म्हणजे पैसे फक्त कॅमेऱ्याला. मी काही अगदीच अडाणी म्हणून गेले नव्हते. छोट्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याच्या व्हीओबी फायली मूव्ही मेकर घेत नाही, हे मला माहीत होतं. एव्हीसीएचडी या एचडी फॉरमॅटवाले नवे कॅमेरे आमच्या डेस्कटॉपला झेपणार नाहीत, हेही माहीत होतं. म्हणून मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल टेपचाच घ्यायचा, हे पक्कं ठरलं होतं. शिवाय मामाकडे मुंजीच्या मिनीडीव्ही टेपा पडून होत्या आणि त्याचा कॅमेरा केव्हाच बंद पडला होता. त्याही यातच उतरवता येतील, असा हिशेब. एवढा अभ्यास करून गेलेल्या माणसाला फसवणं सोपं असतं, कारण त्याला वाटतं आपल्याला कळतं.

दुकानदाराने कॅमेरा काढला, केबल लावली आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर फोल्डर उघडून दाखवलं. दोन-तीन फोटो दिसले. “बघा मॅडम, लावला की ओपन. आता एडिट करा, काय पाहिजे ते करा.” मी भारावले. ते फोटो कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावरचे होते. टेपवरचं काहीच त्याने दाखवलं नव्हतं, आणि मीही मागितलं नाही. मग त्याने ‘एडिटिंग किट’ काढलं: एक यूएसबी कॅप्चर स्टिक आणि मार्करने नाव लिहिलेली सीडी. किटचे २,८००, कॅमेऱ्याचे १९,५००. बिल मागितलं तर म्हणाला, “पक्कं बिल पाहिजे तर साडेबारा टक्के व्हॅट वरती.” मी कच्च्या पावतीवर खूश. व्हॅट वाचवल्याचा आनंद ट्रेनमध्ये डोंबिवलीपर्यंत पुरला.

घरी आल्यावर यूएसबी लावली. फोटो दिसले. टेप दिसेना. त्या मॉडेलची यूएसबी फक्त कार्डावरच्या फोटोंसाठी होती, टेपवरचं शूटिंग त्या वाटेने येतच नव्हतं. मग ती स्टिक लावली. पिवळी-पांढरी-लाल पिन कॅमेऱ्यातून स्टिकमध्ये, स्टिक कॉम्प्युटरमध्ये. चित्र आलं, पण पावसात भिजलेल्या काचेतून बघितल्यासारखं. आणि दहा मिनिटांनंतर आजोबांचे ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. डिजिटल टेपवरचं चित्र त्या पिनांमधून अ‍ॅनालॉग होऊन बाहेर पडत होतं आणि स्टिक त्याला पुन्हा डिजिटल करत होती. चांगलं दूध नासवून पुन्हा त्याचं दूध करायचा प्रकार.

दुकानात परत गेले. “मालाला काही नाही मॅडम, तुमचा कॉम्प्युटर जुना आहे.” पावतीवर दुकानाचं नावही छापलेलं नव्हतं. ग्राहक मंचाचं नाव काढलं तर तो हसलाच.

शेवटी आमच्याकडे लग्नांचं शूटिंग आणि मिक्सिंग करणाऱ्या एकाकडे कॅमेरा डब्यासकट घेऊन गेले. त्याने बाजूचं रबरी झाकण उघडलं आणि नखाएवढी चार पिनांची खाच दाखवली. “ताई, टेपचं शूटिंग इथून निघतं. ही फायरवायरची खाच, यूएसबीहून वेगळी. तुमच्या पीसीत साडेचारशेचं फायरवायर कार्ड टाका, वर एक केबल. किट कशाला घेतलं?” मग डब्यावरचं किमतीचं स्टिकर नखाने खरवडलं. खाली मॉडेल नंबर होता, शेवटी ‘ई’ नव्हता. सोनीच्या पाल, म्हणजे आपल्याकडे चालणाऱ्या व्हिडिओ पद्धतीच्या हँडीकॅमच्या नंबराशेवटी ई असायचा. माझा एनटीएससी पद्धतीचा होता, म्हणजे अमेरिकेकडचा माल. म्हणूनच सर्व्हिस सेंटरवाल्यांनी वॉरंटी मानली नव्हती, म्हणूनच मामाच्या पाल टेपा त्यात निळा पडदा दाखवत होत्या. सगळा उलगडा एका स्टिकरखाली होता.

आणि ट्यूबलाइटचं कोडंही तिथेच सुटलं. हॉलमध्ये घेतलेल्या प्रत्येक दृश्यात भिंत धडधडत होती, उजेड भराभर कमी-जास्त. अंगणातलं शूटिंग मात्र स्वच्छ. आपली वीज ५० हर्ट्झची, चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. एनटीएससी कॅमेरा सेकंदाला ६० वेळा बघतो, आणि दोघांचा ताल जुळत नाही. शटर सेकंदाच्या १/१०० वर ठेवलं असतं तर पुष्कळ निभावलं असतं, असं तो म्हणाला. माझ्या मॉडेलला शटर हाताने लावायची सोयच नव्हती.

कार्ड टाकल्यावर बाकी सगळं सुरळीत झालं, हेही सांगायला हवं. फायरवायर जोडताच मूव्ही मेकरने कॅमेरा ओळखला. तासाची टेप उतरायला तासच लागतो आणि ती १३ जीबीच्या आसपास जागा खाते. आमची ८० जीबीची डिस्क दर चौथ्या टेपेला रिकामी करावी लागायची. पण चित्र टेपेवर होतं तसंच्या तसं आलं, ओठ आणि आवाज एकत्र. फक्त भिंत धडधडतेय ती आजही. आजोबा आता नाहीत. बेचाळीसच्या चळवळीत तुकडे करून वाटलेल्या पत्रकाची गोष्ट ते सांगतात आणि मागे उजेड लुकलुकतो.

तर भाच्याला मी एवढंच सांगितलं: फोटो उघडून दाखवले तर भुलू नकोस. समोर टेप घाल, दोन मिनिटं शूट कर आणि तेच शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवून दाखव म्हणावं. आजच्या लॅपटॉपला फायरवायर नसतं, म्हणजे जुना डेस्कटॉप आणि कार्ड शोधावं लागेल, तो खर्च सात हजारांत धर. त्याच्या डब्यावरचं, बुडाखालचं स्टिकर नीट वाच, पाल की एनटीएससी. आणि रबरी झाकण उघडून त्या चार पिनांच्या खाचेचा जवळून फोटो पाठव.

तासाभराने फोटो आला. खाच होती, पण आतली एक पिन आडवी झाली होती. खाली त्याचा मेसेज: “मावशी, हजार रुपये टोकन दिलंय आधीच.”