लिलावातून घेतलेली मूळ चित्रं : वर्षभरानंतर, मुख्यतः पाठीबद्दल

नोंदणी कशी करायची, पॅडल नंबर कशाला लागतो, एस्टिमेट म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. ज्याला यात रस आहे त्याला ते ठाऊक असतं. वर्षभर मी मुंबईतल्या एका ऑनलाइन लिलावघराकडून जुन्या मासिकांची आणि दिवाळी अंकांची मूळ रेखाटनं, व्यंगचित्रं आणि थोडे सही केलेले प्रिंट घेतोय. लिलावघराचं नाव लिहीत नाही, वाद अजून चालू आहे. चित्रकारांची नावंही लिहीत नाही, त्या बिचाऱ्यांचा यात काही संबंध नाही. जुलैत एका चित्राचा कागद मधोमध फुगला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय, म्हणून हा अनुभव.

आधी बाजार कुठला ते सांगतो. डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्तीज या परदेशी लिलावघराने मुंबईत लिलाव केला, त्यात चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं चित्र २३.७ कोटींना गेलं आणि तेव्हापासून आमच्या प्रत्येक नातेवाइकाला माळ्यावरच्या ट्रंकेत कोटी असल्यासारखे वाटतात. आपल्या गल्लीत कोटी नाहीत. काळ्या शाईतलं कथाचित्र, मुखपृष्ठाचं कच्चं रेखाटन, अशा गोष्टी पाच-दहा हजारांपासून लाखाच्या आत मिळतात. १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला, तिथून पुढे दलाल, मुळगावकर या चित्रकारांच्या पिढीपर्यंत आणि नंतरही मराठी मासिकांसाठी किती चित्रं काढली गेली असतील याचा विचार करा. छापून झालं की मूळ चित्राचं काम संपलं. मग ते प्रेसच्या कपाटात, तिथून रद्दीत. जी वाचली ती आता लॉट नंबर, म्हणजे लिलावातल्या वस्तूचा क्रमांक, घेऊन येतात. मी पहिलं चित्र घरी आणलं तेव्हा ही म्हणाली, “रद्दीवाल्याकडे किलोवर मिळालं असतं.” चाळीस वर्षांपूर्वी खरोखरच मिळालं असतं.

आता पैशाचं. हातोडा पडतो ती किंमत म्हणजे तुमची किंमत नव्हे. ज्या चित्रावरून भांडण झालं त्याचा हिशोब देतो. बोली ४२,०००. त्यावर २० टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावघर घेणाऱ्याकडून घेतं ते कमिशन, ८,४००. त्या प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी, १,५१२. झाले ५१,९१२. पॅकिंग, विमा आणि कुरिअर मिळून २,३६०. म्हणजे ५४,२७२ रुपये, आणि अंतर किती, तर परळ ते डोंबिवली. मी जाऊन घेऊन येतो म्हटलं तर गोदाम भिवंडीला आहे म्हणाले. ज्या लॉटमध्ये मूळ बोलीवरही जीएसटी लागतो तिथे हा आकडा आणखी वाढतो. सप्टेंबर २०२५ पासून हाताने काढलेल्या चित्रांवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला हे त्यातल्या त्यात बरं. प्रीमियमवरचे १८ टक्के मात्र जागच्या जागी आहेत. त्यामुळे माझी पद्धत अशी : खिशात जेवढे असतील त्याला १.२५ ने भागायचं, तिथे कागदावर रेघ मारायची आणि त्या रेघेच्या वर एक रुपया जायचा नाही.

रेघ पाळणं अवघड जातं ते त्या तीन मिनिटांमुळे. शेवटच्या तीन मिनिटांत कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा तीन मिनिटं पुढे. साडेआठला बंद होणारा लॉट सव्वानऊपर्यंत लोंबकळतो. समोर कोण आहे कळत नाही, नुसता एक नंबर दिसतो. सुरुवातीला मला ही चक्क लबाडी वाटायची. आता वाटत नाही. घड्याळ पुढे सरकत नसतं, तर शेवटच्या सेकंदाला टपून बसलेल्या माणसाने दर वेळी चित्र उचललं असतं आणि माझं इंटरनेट त्या स्पर्धेत टिकणारं नाही. प्रॉक्सी बिड लावून, म्हणजे आपली वरची मर्यादा आधीच सांगून बोली यंत्रणेवर सोडून, जेवायला बसावं. भाव चढताना बघायलाच जाऊ नये.

प्रीमियमबद्दलही मत थोडं बदललंय. पहिल्या बिलावर मी जळफळलो होतो. पुढे चोरबाजारातून, घरगुती ओळखीतून येणाऱ्या वस्तू पाहिल्या, तेव्हा कळलं की बिल, लॉट नंबर, कॅटलॉगमधलं छायाचित्र आणि चित्र कुठल्या घरातून आलं याची एक ओळ, याला बाजारात किंमत आहे. उद्या विकायची वेळ आली तर हाच कागद कामाला येतो. प्राप्तिकरालाही हाच लागतो, कारण चित्र घरगुती वस्तूंत मोजत नाहीत. टेबल-खुर्ची विकली तर कोणी विचारत नाही, चित्र विकलं तर भांडवली नफा. तेव्हा २० टक्के देतो. पण २० टक्के घेता तर पाठ दाखवा.

हो, पाठ. कागदाची मागची बाजू. माझं सगळं म्हणणं इथेच येऊन अडतं.

माझी पहिली खरेदी सुट्या कागदाची होती, फ्रेम नाही, माउंट (चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट) नाही. पुढून एक साधं कथाचित्र : खिडकीत उभी बाई, खाली टांगा. मागे उलटवलं तर अख्खी गोष्ट. ब्लॉकमेकरचा, म्हणजे छपाईचा धातूचा ठसा बनवणाऱ्याचा, जांभळा शिक्का, शिसपेन्सिलीने कथेचं नाव, पान नंबर, ‘४ इंच रुंदी’ असं लिहून खाली दोन रेघा, आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी हाताने ‘उद्या सकाळी’. तो कागद हातात घेऊन मी रात्री उशिरापर्यंत बसलो होतो. त्या काळी चित्र छापायच्या मापापेक्षा मोठं काढत, दीडपट, दुप्पट. कॅमेऱ्याने लहान करून जस्ताचा ब्लॉक काढला की रेघ आणखी नेटकी दिसायची. ते माप पाठीवर किंवा समासात लिहिलेलं असतं. पुढे निळ्या पेन्सिलीच्या खुणा असतात, कारण ब्लॉकच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मला फिकट निळा दिसत नसे, पांढऱ्यासारखाच यायचा. चुकलेल्या रेघेवर पांढरा पोस्टर कलर फिरवलेला असतो. कागद उजेडाकडे तिरका धरला की तो थर वर उठून दिसतो. छापलेल्या पानावर यातलं काहीच येत नाही. म्हणून मूळ चित्राचा सगळ्यात चांगला पुरावा सहीत नसतो. सही कुणीही गिरवेल. ब्लॉकमेकरचा शिक्का, त्या काळचं माप आणि संपादकाचं गिचमिड अक्षर एवढं सगळं जमवून आणणारा नकल्या या किमतीत काम करणार नाही.

आता कॅटलॉग उघडा. चित्र पुढून, सही मोठी करून, फ्रेमसकट, आणि एका आरामखुर्चीच्या वर टांगून दाखवलेलं. पाठ नाही. त्या खोट्या आरामखुर्चीसाठी कोणीतरी संगणकावर वेळ घालवतो, पण कागद उलटा करून मोबाइलवर एक फोटो काढायला वेळ नाही! मी मागवला तर कधी येतो, कधी ‘फ्रेममधून काढून तपासलेलं नाही’ असं उत्तर येतं. हे वाक्य कंडिशन रिपोर्टमध्ये, म्हणजे चित्राच्या स्थितीच्या अहवालात, दिसलं की मी आता सरळ पुढच्या लॉटवर जातो.

जुलैतलं चित्र अशा फ्रेमसकट आलेल्यांपैकीच. रिपोर्टमध्ये ‘स्थिती चांगली, समासाला किंचित पिवळेपणा’. व्यंगचित्र, एकदम ताजी रेघ, मला फार आवडलेलं. पाऊस लागल्यावर कागद मधोमध फुगला. दादरच्या फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याने मागचे खिळे काढले, बोटाने टकटक केली आणि म्हणाला, “साहेब, हे निघायचं नाही. सुतारकामाचा पांढरा गोंद लावून हार्डबोर्डवर बसवलंय.” सबंध कागद, कडेपासून कडेपर्यंत. हार्डबोर्ड आम्लधर्मी, तो कागद पिवळा करतच राहतो. शिवाय दमटपणात बोर्ड एका गतीने फुगतो आणि कागद दुसऱ्या, म्हणून तो फुगा. नीट करायचं असतं तर कागदाच्या वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या लावतात, त्याही गव्हाच्या स्टार्चच्या खळीने, म्हणजे उद्या पाण्याने सोडवता येतात. पांढरा गोंद एकदा सुकला की तसा सुटत नाही.

लिलावघराला फोटोंसकट मेल केला. उत्तर तिसऱ्या स्मरणपत्रानंतर : लॉट ‘जसा आहे तसा’ विकला जातो, अट अमुक क्रमांक. मी विचारलं, ‘जसा आहे’ हे तुम्ही तरी बघितलंत का? त्यावर फोन आला. मुलगी गोड बोलत होती. “सर, फ्रेम उघडली तर विकणाऱ्याची परवानगी लागते.” मग परवानगी घ्या ना, मॅडम. विकणाऱ्याकडूनही तुम्ही कमिशन घेताच.

शेवटी कागद सोडवणाऱ्या एका संवर्धकाकडे चित्र दिलं. नऊ हजार रुपये. पद्धत ऐकून घाम फुटतो : चित्र पालथं ठेवून मागचा हार्डबोर्ड शस्त्रक्रियेच्या सुरीने पापुद्र्यापापुद्र्याने तासत आणायचा, आणि शेवटचा गोंदाचा थर ओलावा देऊन खरवडायचा. दोन महिने लागले. आणि इथे माझा राग जरा गोंधळात पडला. कारण गोंदाखालून, अर्धवट का होईना, शिक्का निघाला. निळ्या पेन्सिलीत ‘६’ आणि पुढे इंचाची खूण. खाली एक ओळ आहे, तिच्यातलं ‘चेहरा मोठा’ एवढंच वाचता येतं. संपादकाने चेहरा मोठा करायला सांगितलं होतं, आणि पुढे बघितलं तर चेहऱ्याभोवती पांढऱ्या रंगाचा थर आहेच. म्हणजे चित्र अस्सल आहे. ४२ हजारांना स्वस्तात मिळालं असंही म्हणता येईल. हीच पाठ त्यांनी कॅटलॉगमध्ये दाखवली असती तर ते ७० हजारांना गेलं असतं आणि माझ्या रेघेच्या वर गेलं असतं. म्हणजे त्यांच्या आळसाचा फायदा मलाच झाला. ही म्हणते, मग भांडतोस कशाला? भांडतो, कारण नऊ हजार माझे गेले.

सही केलेल्या प्रिंटबद्दल थोडक्यात. दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग घ्या, तीनशे-चारशे रुपयांत मिळतं, या छंदातली सगळ्यात फायद्याची खरेदी. ऑफसेट छपाईचे ठिपके जाळीसारखे नियमित दिसतात. सेरिग्राफमध्ये, म्हणजे ताणलेल्या कापडातून रंग दाबून काढलेल्या छापात, रंग सलग बसलेला दिसतो. जुन्या ओलिओग्राफमध्ये, म्हणजे राजा रविवर्म्याच्या १८९४ साली सुरू झालेल्या छापखान्यातल्या चित्रांसारख्यांत, ठिपके असतात पण वेडेवाकडे, हाताने दिलेले. पेन्सिलीची सही भिंगाखाली चकाकते आणि कागद किंचित दबलेला दिसतो. सहीतच ठिपके दिसले तर ती सही चित्राबरोबर छापलेली आहे, मग वर्णनात ‘साइन्ड’ कितीही ठळक असो. असे दोन प्रिंट मी भिंग लावून परत पाठवले आणि ते मात्र त्यांनी मुकाट्याने परत घेतले, पूर्ण पैसे दिले. हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

मेहुणा म्हणाला, त्या व्यंगचित्राचं कॅलेंडर छापू. छापता येणार नाही. कागद माझा, छापायचा हक्क माझा नाही. तो चित्रकाराचा किंवा वारसांचा किंवा प्रकाशकाचा, आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. शिवाय कॉपीराइट कायद्यात कलम ५३-अ आहे, मूळ चित्र दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मिळू शकतो, जास्तीत जास्त दहा टक्के. माझ्या एकाही बिलात अशी ओळ नाही. लिलावघराचा प्रीमियम आहे, सरकारचा जीएसटी आहे, कुरिअरचा विमा आहे. ज्याने रेघ काढली त्याच्या घरचं कुणीच नाही.

जपणुकीचं : बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पश्चिमेच्या, चित्र लावू नका. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते आणि कागदावर तांबूस ठिपके येतात. कसर खळ खाते, म्हणून फ्रेमची पाठ दर दिवाळीला उघडून बघतो. आम्लमुक्त माउंट महाग पडतो तरी घ्या.

तक्रारीचा निकाल गेल्या आठवड्यात आला. नऊ हजार द्यायला नकार. ‘सदिच्छा म्हणून’ पॅकिंगचे दोन हजार क्रेडिट नोटमध्ये दिलेत, त्यावरचे ३६० जीएसटीचे मिळणार नाहीत. क्रेडिट नोट मार्चपर्यंत चालते आणि फक्त प्रीमियममधून वळती होते, म्हणजे ती वापरायला मला निदान दहा हजारांची बोली जिंकावी लागेल. पुढच्या कॅटलॉगमधल्या अठरा नंबरच्या लॉटची पाठ मागवली आहे. सोमवारी पाठवतो म्हणालेत.