झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के: पुण्यात बसून वापरायचा असेल तर

जुन्या बाजारात किंवा ओळखीत कोणाकडे सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना घरगुती कॉम्प्युटर मिळत असेल आणि घ्यावा की नाही असं चाललं असेल, तर माझं मत आधीच सांगून टाकतो, घ्या. फक्त शोकेसमध्ये ठेवायला नको, वापरायला घ्या. माझा रबरी बटणांचा ४८के (म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीचा) आहे, इंग्लंडला राहून आलेल्या एका काकांकडून मिळाला, आणि आता आमच्या टीव्हीखाली त्याची जागा पक्की झालीये.

हे मशीन समजून घ्यायचं तर आधी किंमत बघा. कंपनीचा मालक क्लाइव्ह सिंक्लेअर मुळात रेडिओ आणि कॅल्क्युलेटरवाला माणूस. १९८० मध्ये त्याने झेडएक्स८० हा कॉम्प्युटर शंभर पाउंडाच्या आत आणला, पुढच्या वर्षी झेडएक्स८१ सत्तरच्या आत, आणि एप्रिल १९८२ मध्ये हा स्पेक्ट्रम, १६के १२५ पाउंड आणि ४८के १७५. त्याच सुमारास बीबीसी मायक्रो या दुसऱ्या ब्रिटिश कॉम्प्युटरच्या मॉडेल बीला ३९९ पाउंड पडायचे, आणि तो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीचा ख्रिस करी हा आधी सिंक्लेअरकडेच कामाला होता! आपल्याकडे १९८४ पासून क्लास या सरकारी कॉम्प्युटर-शिक्षण योजनेत शाळांमध्ये आला तो बीबीसी मायक्रोच. म्हणजे सरकार आणि शाळा तिकडे, आणि साध्या घरातली पोरं सिंक्लेअरकडे.

एवढं स्वस्त कसं जमवलं ते झाकण उघडलं की दिसतं. ४८के मधल्या वरच्या ३२के साठी ज्या आठ मेमरी आयसी आहेत ना, त्या ६४ किलोबिटच्या अर्ध्या खराब निघालेल्या आयसी आहेत. कारखान्यात एक अर्धा भाग फेल झालेला माल स्वस्तात उचलायचा, चांगला अर्धा वापरायचा, आणि कुठला अर्धा चांगला आहे ते बोर्डवर एक तार जोडून ठरवायचं. बाकीची ढीगभर सर्किटं फेरांटी कंपनीच्या एकाच यूएलए आयसीत (गरजेप्रमाणे बनवून घेतलेल्या चिपमध्ये) कोंबलीत. मला ही काटकसर फार आवडते, कारण पैसे वाचवले ते डोकं लावून वाचवलेत.

रंगांचंही तेच. पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा, पण रंग मात्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनाला दोनच, त्यामुळे अख्खा पडदा ६९१२ बाइटमध्ये बसतो. म्हणून गेममध्ये माणूस झाडाजवळ गेला की झाडाचा रंग त्याला लागतो. पहिल्यांदा विचित्र वाटतं, नंतर लक्षातही येत नाही.

कीबोर्डवर टायपिंगचा स्पीड विसरा. पण बेसिक या त्याच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'पी' (P) दाबलं की आख्खा प्रिंट शब्द येतो, 'जे' (J) दाबलं की लोड, आणि मेमरीत तो शब्द एकाच बाइटचा. आमच्या भाचीने पहिल्यांदा 'बी' (B) दाबलं, बॉर्डर आलं, पुढे २ टाकून एंटर मारला आणि टीव्हीची कड लाल झाली, तर ती ओरडली, "मामा, मी केलं हे!" आजच्या लॅपटॉपवर हे एवढ्या पटकन होत नाही.

आता आपल्याकडच्या अडचणी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अ‍ॅडाप्टर. ९ व्होल्टचा लागतो, पण मधली पिन निगेटिव्ह, आणि दुकानात सरसकट मिळणारे बहुतेक अ‍ॅडाप्टर उलटे असतात, तो लावला तर मशीन जळू शकतं. टापकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) मागताना "सेंटर निगेटिव्ह, दीड अँपियर" असं स्पष्ट सांगा आणि घरी मीटरवर बघूनच लावा. दुसरं, ह्याचं आउटपुट टीव्हीच्या अँटेनातून, यूएचएफ चॅनेल ३६ वर. आवाज मशीनच्या स्वतःच्या स्पीकरमधून येत असल्याने ब्रिटन आणि भारताच्या टीव्हीत आवाजाच्या सिग्नलचा जो फरक आहे तो आड येत नाही, पण नवीन टीव्हीवर ट्यूनिंग म्हणजे डोकेदुखी. मी त्याच भागातल्या एका कारागिराकडून आतून एव्हीची पिवळी पिन काढून घेतली, फार सफाईने केलं त्याने, चित्र एकदम स्वच्छ. बटणांखालची प्लॅस्टिकची मेंब्रेन इतक्या वर्षांनी वाळून तुटतेच, नवीन ऑनलाइन मिळते, ती आधीच मागवून ठेवा. गेम लोड करायला कॅसेट प्लेअर शोधत बसू नका, टेपवरचा गेम म्हणजे आवाजच असतो, तो वाजवायला हेडफोनचं भोक असलेला फोन चालतो, आवाज जवळजवळ फुल ठेवायचा, आणि टीव्हीच्या कडेचे लाल-आकाशी पट्टे जाऊन निळे-पिवळे यायला लागले की समजायचं डेटा चाललाय. मोठ्या गेमला पाचेक मिनिटं जातात.

कंपनीचं पुढे काय झालं ते वाचून जीव हळहळतो. १९८४ चा क्यूएल हा पुढचा कॉम्प्युटर घाईत आणला, जानेवारी १९८५ मध्ये सी५ नावाची तीनचाकी विजेची गाडी काढली, ती चालली नाही, आणि एप्रिल १९८६ मध्ये कॉम्प्युटरचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीला फक्त ५० लाख पाउंडात विकला. स्पेक्ट्रम मात्र १९९२ पर्यंत बनत राहिला. भारतातही डेसिबेल्स कंपनीने लायसन्स घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस काढला होता, तो कुठे दिसला तर अजिबात सोडू नका, त्याची बटणं कडक प्लॅस्टिकची असतात आणि टायपिंग जरा बरं होतं.

फक्त गेम खेळायचे असतील तर फोनवरचं एम्युलेटर (ह्या मशीनची नक्कल करणारं अ‍ॅप) पुरतं, मशीनवर पैसे घालू नका. पण घरात आठ-दहा वर्षांचं पोर असेल आणि सोल्डरिंगची थोडी आवड असेल तर माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार त्या अ‍ॅडाप्टरचा कापला.