टोल घालवायचा कसा : कोल्हापूर आणि मुंबई

कोल्हापुरात शहरातल्याच सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांवर 30 वर्षांचा टोल लादला होता. घरून मंडईत जायचं तरी नाका! ऐंशी पार केलेले शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील रस्त्यावर उतरले, ‘देणार नाही’ म्हणजे नाहीच. 2015 च्या अखेरीस टोल पूर्ण उठला. रस्ते बांधणाऱ्या कंपनीची भरपाई मात्र सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच खिशातून.

मुंबईत 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्री, निवडणुकीच्या तोंडावर, शहरात शिरतानाच्या पाचही टोल नाक्यांवर हलक्या वाहनांना माफी मिळाली. मुलुंडला 45 रुपये हातात धरून रांगेत ताटकळणं संपलं. पण भाजीचा मोठा ट्रक अजून टोल भरतोच, आणि तो खर्च मेथीच्या जुडीत येतो.

मला विचाराल तर टोल घालवायचा तो कोल्हापूरसारखाच.