घरी रेकॉर्ड केलेले ड्रम: आहेत तेच ट्रॅक सुधारायचे की सॅम्पल लावायचे?

चार माईक, त्यांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा चार इनपुटचा इंटरफेस आणि फ्लॅटमधली एक खोली. एक माईक किकला (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), एक स्नेअरला (मधला कडक आवाजाचा ड्रम) आणि दोन ओव्हरहेड, म्हणजे सगळ्या सेटच्या वर लावलेले. एवढ्यावर रेकॉर्डिंग होतं. पंचाईत होते ती मिक्सला बसल्यावर. आवाज कोता वाटतो आणि हात खिशाकडे जातो. माझं मत आधीच सांगतो: ओव्हरहेड बरे आले असतील तर आहेत तेच ट्रॅक सुधारा, किकला हवा तर सॅम्पलचा, म्हणजे वेगळ्या रेकॉर्ड केलेल्या एकेकट्या ठोक्याचा, आधार द्या. सगळे ड्रम सॅम्पलने बदलणं हा शेवटचा उपाय.

पैशाचा हिशोब लवकर उरकतो. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर 60 दिवस वापरून बघता येतं, मग वैयक्तिक लायसन्स 60 डॉलरचं. ईक्यू (आवाजातला जाड-बारीक भाग कमी-जास्त करणारा), कॉम्प्रेसर (मोठ्या-हलक्या आवाजातला फरक कमी करणारा), गेट (ठरलेल्या पातळीखालचा आवाज दाबणारा) त्यातच मिळतात. टीडीआर नोव्हा (ईक्यू) आणि कोटेलनिकोव्ह (कॉम्प्रेसर) या प्लगइनच्या, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरच्या, मोफत आवृत्त्याही उत्तम आहेत. सॅम्पलवाल्या रस्त्यालाही वेगळा खर्च नाही: रीपरमधला गेट, रीआगेट, उघडताना मिडी नोट (आवाज वाजवण्याची सूचना) पाठवू शकतो आणि त्या नोटवर त्यातलाच सॅम्पलर आवाज वाजवतो. तयार आवाज हवे असतील तर स्टीव्हन स्लेट ड्रम्सची मोफत आवृत्ती आहे. म्हणजे निवड पैशावर अडत नाही; तुमचं वादन कसं आहे आणि खोली कशी आहे, यावर ठरते.

ट्रॅक सुधारायचे तर सुरुवात ओव्हरहेडपासून करा, ईक्यूला हात लावण्याआधी फेज बघा, म्हणजे वेगवेगळ्या माईकमधल्या लाटा एकमेकींना साथ देतात की खोडतात ते. आवाजाला 34 सेंटिमीटर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. स्नेअरचा माईक कातड्याला लागून आणि ओव्हरहेड मीटरभर वर असेल, तर तोच ठोका वर जवळजवळ तीन मिलिसेकंद उशिरा पोचतो. सगळं मोनोत (दोन्ही स्पीकरला एकच आवाज) ऐका आणि स्नेअरच्या ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून (लाट वर-खाली पलटून) बघा. ज्या बाजूला स्नेअर भरीव वाटेल, ती बाजू बरोबर. फुकटात होणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा, आणि नेमकी हीच बहुतेक जण विसरतात.

मग ईक्यू. डबा वाजल्यासारखा आवाज बहुधा 300 ते 500 हर्ट्झमध्ये असतो, तिथे थोडं कमी करा. किकचा दणका 60 ते 80 हर्ट्झच्या आसपास, बीटरची (किकच्या पॅडलवरच्या हातोडीची) टकटक 3 ते 5 किलोहर्ट्झमध्ये. स्नेअरवर गेट लावताना सांभाळा: गेट उघडला की त्यातून शेजारची हाय-हॅटही (पायाने मिटणारी सिम्बलची जोडी) झळकते आणि प्रत्येक ठोक्याला उडी मारते. गेट पूर्ण बंद होऊ देऊ नका, आवाज आठ-दहा डेसिबलने खाली आणला की पुरे. टॉमना (सेटमधल्या बाकीच्या ड्रमना) माईक असतील तर गेटपेक्षा हाताने मधली शांतता कापणं बरं.

या रस्त्याची मर्यादा म्हणजे छत. फ्लॅटचं छत ठेंगणं असतं, सिम्बलचा आवाज वर आपटून लगेच ओव्हरहेडमध्ये शिरतो. तो कुठलाही प्लगइन नीट काढू शकत नाही. पुढच्या वेळी माईकच्या वर छताशी जाड गोधडी अडकवा.

सॅम्पल कामाला येतात ते किकला. गाण्याच्या माईकमध्ये खालचा भाग मुद्दाम कमी ठेवलेला असतो. तोच किकला लावला असेल तर जे आलंच नाही ते ईक्यूने कुठून वाढवणार? सरळसोट रॉक किंवा पॉप ठेका असेल तर सॅम्पल खपून जातात. पण स्नेअरवरचे हलके ठोके, रोल, फ्लॅम (जवळजवळ एकत्र पडणारे दोन ठोके) हे ट्रिगरला, म्हणजे ठोका ओळखून सॅम्पल वाजवणाऱ्या यंत्रणेला, नीट कळत नाहीत: काही गळतात, काही दोनदा वाजतात. शिवाय जुना स्नेअर ओव्हरहेडमध्ये असतोच. नव्याचा सूर वेगळा असेल तर दोन स्नेअर ऐकू येतात. ब्रशने वाजवलेलं असेल तर या वाटेला जाऊच नका. सोबत तबला असेल तर त्यालाही हेच लागू; डग्ग्यावरचा घिस्सा सॅम्पलमध्ये बसत नाही.

मला सगळ्यात आवडते ती मधली वाट. रेकॉर्डिंग संपलं की माईक काढायच्या आधी किक आणि स्नेअर एकेकटे वाजवून घ्या: हलके, मध्यम, जोरात, प्रत्येक ठोका पूर्ण विरू द्या. हेच तुमचे सॅम्पल. सूर तोच, खोली तीच, त्यामुळे ओव्हरहेडशी भांडण नाही. शेजारचे आवाज माईकमध्ये शिरून खराब झालेल्या स्नेअरखाली ते अलगद बसतात. माईकच कमी पडलेल्या किकला मात्र बाहेरचा आवाजच लागतो.

कुठलाही सॅम्पल लावा, पडद्यावर लाट झूम करून तो मूळ ठोक्याच्या सुरुवातीशी जुळवा, पोलॅरिटी पुन्हा तपासा. मग सॅम्पलचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) पूर्ण खाली घेऊन हळूहळू वर न्या. सॅम्पल वेगळा ऐकू यायला लागला की थोडं मागे या. म्यूट केल्यावर उणीव जाणवते, पण चालू असताना वेगळा कळत नाही, ती जागा बरोबर.