जुन्या गाडीचा रंग आणि आतली बुरशी: वॅक्स, सीलंट, सिरॅमिक की नुसती नीट सफाई?

गाडी दहा-बारा वर्षांची झाली की इंजिन ठणठणीत असतं, विकायची इच्छा नसते, पण टपाचा रंग उतरलेला असतो आणि जुलैत दार उघडलं की कुबट वास नाकात शिरतो. डिटेलिंगवाला, म्हणजे गाडी आतबाहेर चकाचक करून देणारा, २० हजारांचं सिरॅमिक (रंगावर बसणारा कडक पारदर्शक थर) सांगतो. शेजारचे काका म्हणतात, पाचशेचा वॅक्सचा डबा आण. माझी २०१२ ची लाल हॅचबॅक पुण्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते आणि गणपती, शिमगा धरून वर्षातून चार-पाच वेळा चिपळूणला जाते. तिच्यावर यातलं बरंच काही करून झालंय. माझं मत आधीच सांगते: जुन्या गाडीत पहिला पैसा आतल्या ओलीवर घाला, दुसरा रंग घासून स्वच्छ करण्यावर, आणि कोटिंगचा विचार त्यानंतर.

आधी रंग ओळखा

कोणतं उत्पादन चांगलं, हे त्याखालच्या रंगावर ठरतं. बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा. म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. ऊन, पाऊस, धूळ सगळं हा थर झेलतो आणि पॉलिश करताना झिजतो तोही हाच. काही जुन्या पांढऱ्या, लाल साध्या रंगांवर मात्र हा थर नसतो.

कळायचं कसं? पांढऱ्या मऊ फडक्यावर थोडं पॉलिश घ्या आणि दाराच्या खालच्या कडेला हलकं घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही. माझ्या गाडीचं फडकं गुलाबी झालं होतं. टपावर बोट फिरवलं तरी खडूसारखी भुकटी लागायची. हा रंग पॉलिशने छान उजळतो, कारण वरचा मेलेला थर निघून खालचा ताजा रंग दिसतो. पण दर वेळी रंगच निघतो, हे लक्षात ठेवायचं.

फडकं स्वच्छ राहिलं, रंग नुसताच धुरकट आहे आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात, तर पॉलिशने बराच फरक पडतो. आणि टपावर, बॉनेटवर पांढरे पोपडे सुटलेले दिसत असतील, तर तिथला क्लिअर कोट संपलाय. त्यावर वॅक्स, सीलंट, सिरॅमिक काहीही लावलं तरी पोपडा पोपडाच राहतो. ते पॅनेल रंगवून घेणं एवढाच उपाय आहे.

हाताने रबिंग की मशीन पॉलिश

कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये हाताने रबिंग करून देतात. ७००-८०० रुपयांत गाडी दुपारपर्यंत चकाकते. ही चकाकी मी दोनदा विकत घेतली. दोन्ही वेळा पहिल्या दोन-तीन पावसांत ती उतरली, कारण घासायच्या जाड पेस्टने, म्हणजे कंपाउंडने, पडलेले बारीक चरे तेलकट थराखाली झाकले गेले होते, निघाले नव्हते.

मशीन पॉलिशला मला ४ ते ६ हजार सांगितले गेले. जुन्या गाडीसाठी मी हेच निवडीन, पण दोन अटींवर. एक, आधी क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवलाच पाहिजे. हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवरून फिरवून बघा. वाळू पसरल्यासारखं लागतं ना? ब्रेकची लोखंडी भुकटी, डांबराचे ठिपके, झाडाचा चिकटा असं काय काय रंगात रुतलेलं असतं. ते न काढता मशीन लावलं तर तेच रंगावर घासलं जातं. दुसरी अट, कडांवर आणि दाराच्या उठावदार रेघांवर मशीन फार टेकवू द्यायचं नाही. तिथे रंग सगळ्यांत पातळ असतो. जाडी मोजायचं छोटं यंत्र दुकानदाराकडे असेल आणि तो ते वापरत असेल, तर तिथे निर्धास्त जा. कंपनीतून आलेला रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. एखाद्या दारावर आकडा दुप्पट दिसला तर ते दार आधी कधीतरी रंगवलेलं आहे.

वर काय लावायचं

कार्नोबा वॅक्स म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. लाल, काळ्या रंगांवर त्याची झळाळी खरंच देखणी येते आणि रविवारी सकाळी दोन तासांत घरी लावता येतं. पण आपल्या उन्हात ते महिना-दोन महिनेच टिकतं, आणि कोकणातल्या पावसात तर त्याहूनही कमी.

सिंथेटिक सीलंट म्हणजे मेणाऐवजी कृत्रिम रसायनाचा थर. त्याची झळाळी थोडी कमी पडते, पण तो चार-सहा महिने टिकतो. लावायची पद्धत तीच, डब्याची किंमत थोडी जास्त. वर्षातून दोनदा, एकदा मे अखेरीस आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास लावला की झालं. माझ्या गाडीवर गेली तीन वर्षं हाच आहे.

सिरॅमिक कोटिंग चांगलं असेल आणि नीट लावलं असेल तर दोन-तीन वर्षं टिकतं. पाणी थेंब होऊन घरंगळतं, चिखल लवकर निघतो, पक्ष्यांची विष्ठा रंगात उतरायला वेळ घेते. हे सगळं खरं आहे. पण दुकानात ज्या ‘९एच’ कडकपणाचा गाजावाजा होतो, तो पेन्सिलीच्या शिशाने ओरखडा काढून बघायच्या चाचणीतला आकडा आहे. किल्लीचा ओरखडा किंवा ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी त्याने अडत नाही. शिवाय कोटिंगखाली चरे असतील तर तेही दोन वर्षं तसेच राहतात, त्यामुळे आधी पॉलिश करावंच लागतं. खर्चाचा आणि मेहनतीचा मोठा भाग त्या पॉलिशमध्येच असतो.

‘टेफ्लॉन कोटिंग’ या नावाला मात्र भुलू नका. तव्यावर टेफ्लॉन बसवायला त्याला ३०० अंशांच्या वर तापवावं लागतं. गाडीचं पत्र्याचं बॉनेट तसं कोणी तापवत नाही. त्या नावाने जे लावतात ते बहुतेकदा साधं पॉलिश-सीलंटच असतं आणि तेवढंच टिकतं. सीलंटच्या भावात मिळालं तर घ्या, त्याहून जास्त देऊ नका.

पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) ही रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म असते. खडी अडवणारा खरा उपाय तोच, पण खर्च ६० हजारांपासून पुढे. आणि जुना, कमकुवत रंग असेल तर फिल्म काढताना रंगही सोबत निघू शकतो. दहा वर्षांच्या गाडीवर मी तो करणार नाही.

आतल्या भागात चूक कुठे होते

बहुतेक जण आतली सफाई वर्षातून एकदा ‘ड्रायक्लीनिंग’वर सोडतात. नावात ड्राय असलं तरी सीटवर फेसाचं पाणीच मारतात. ते मशीनने ओढून घेतलं तर ठीक, नुसतं फडक्याने पुसलं तर सीटच्या फोममध्ये ओल राहते आणि चार दिवसांनी वास पूर्वीपेक्षा वाढतो. छताच्या कापडावर जास्त पाणी मारलं तर आतला गोंद सुटून कापड खाली लोंबतं. म्हणून हे काम कडक उन्हाच्या दिवशीच करून घ्या आणि दिवसभर चारही दारं उघडी ठेवा. सुगंधी डबी लावून वास जात नाही, त्यात आणखी एक वास मिसळतो.

माझ्या गाडीचं दुखणं वेगळंच निघालं. एका ऑगस्टमध्ये डाव्या सीटखालचं कार्पेट उचललं तर खालचा नमदा पिळता येईल इतका भिजलेला, त्यावर करड्या बुरशीचे गोल. वायपरखालच्या जाळीत गुलमोहराची बारीक पानं कुजून चिखल झाला होता, पाणी बाहेर जायचं भोक बुजलं होतं, आणि पाऊस थेट आत उतरत होता. पानं हाताने काढली, भोकात तार घातली, आणि इतकी वर्षं साचलेलं काळं पाणी भळभळ वाहून गेलं. खर्च शून्य. त्या आधी दोन ड्रायक्लीनिंगचे पैसे देऊन झाले होते. कार्पेटच्या खाली हात घालून बघितल्याशिवाय सीटवर एक रुपया घालू नका. ओल फक्त एसी चालवल्यावर येत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते, तेही मेकॅनिकचं दहा मिनिटांचं काम.

डॅशबोर्डला सिलिकॉनचं चकचकीत पॉलिश लावलं की पहिल्या दिवशी छान दिसतं, मग त्यावर धूळ बसते आणि दुपारच्या उन्हात समोरच्या काचेत डॅशबोर्डचं प्रतिबिंब पडतं. घाटात ते धोक्याचं आहे. पाण्याचा बेस असलेलं, मॅट दिसणारं, उन्हापासून संरक्षण देणारं ड्रेसिंग घ्या. सीट कव्हर ‘लेदर’चं म्हणून विकलेलं असलं तरी बहुधा रेग्झिनचं असतं. त्यात लेदर कंडिशनर मुरत नाही. ओलं मायक्रोफायबर आणि थोडं सौम्य शाम्पू एवढं त्याला पुरतं.

मग तुम्ही काय निवडावं

गाडी दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर मशीन पॉलिश, सीलंट आणि आतून ओल काढून नीट सफाई. तेवढं भरपूर झालं. रंग निरोगी आहे, गाडी उघड्यावर उभी असते, आणखी पाच-सहा वर्षं वापरायची आहे आणि दर सहा महिन्यांनी लावायला वेळ नाही, तर सिरॅमिकचे पैसे वसूल होतात. गाडी छपराखाली असते आणि तुम्हाला हाताने काम करायला आवडतं, तर वॅक्ससारखं सुख नाही.

यातलं काहीही केलं तरी रोजच्या पुसण्यात ते वाया जाऊ शकतं. सोसायटीत पहाटे गाडी पुसणाऱ्याला एका बादलीत दहा-बारा गाड्या आटपाव्या लागतात, आणि पहिल्या गाडीची माती दहाव्या गाडीवर फिरते. आमच्या दादांना मी चार मायक्रोफायबर फडकी आणि वेगळी बादली दिली, आधी नुसतं पाणी ओतायला सांगितलं. त्यांनी ते मनापासून पाळलं आणि नवे चरे दिसायचे थांबले. आंब्याखाली मोहोराच्या दिवसांत गाडी लावू नका. तुडतुड्यांचा चिकटा उन्हात रंगावर वाळला की काढताना जीव नकोसा होतो.

सिरॅमिक ठरवलं असेल तर दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी लावून घ्या. पहिला दिवसभर त्याला पाणी लागू द्यायचं नाही आणि आठवडाभर धुवायचं नाही. पूजेला बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढाल, तेव्हा ते त्याच संध्याकाळी भरपूर पाणी ओतून काढा, कोरड्या फडक्याने घासू नका. आणि झेंडूचा हार टेपने रंगावर न चिकटवता आरशाला बांधा.